पाय टेकतील अशी सायकल

माझी उंची चार फूट दहा इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाच्याही तेच आधी लक्षात येतं. सांगलीच्या शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी दहा वर्षं पहिली उभी राहिले. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथसमोर माझ्यासाठी लाकडी फळी ठेवलेली असायची. नोकरीला लागले तेव्हा कंपनीचे सेफ्टी शूज माझ्या मापात मिळेनात, म्हणून पहिले दोन महिने पुढे कापूस कोंबून चालले. या सगळ्याचं मला फार वाईट वाटायचं असं नाही. पण वस्तू आपल्यापेक्षा मोठ्याच असणार आणि जुळवून आपणच घ्यायचं, हे मी कधीतरी धरून चालले होते.

सहा वर्षांपूर्वी चेन्नईला आले. श्रीपेरुंबुदूरला मोटारींचा एक कारखाना आहे, तिथे काम करते. राहते नुंगंबाक्कमला, तीन मजली जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. पावणेसहाला कोपऱ्यावर कंपनीची बस येते. गाडीत बसलेल्या माणसाचा हात कुठवर पोचतो, पाय कुठवर पोचतो, हे तपासायचं माझं काम. उंच माणूस, बुटका माणूस, जाड माणूस, सगळ्यांना एकाच सीटवर बसवून बघायचं. क्लचवर पाय पूर्ण दाबला जातो का, आरसा दिसतो का, स्टिअरिंग छातीला तर लागत नाही ना. हे मी रोज करत होते, पगार घेऊन.

आमच्या ऑफिसातले सात-आठ जण रविवारी पहाटे सायकलवर निघत आणि समुद्राच्या कडेच्या रस्त्याने दक्षिणेला चेन्नईजवळच्या कोवळम गावापर्यंत जाऊन परत येत. सोमवारी बसमध्ये त्यांच्या गप्पा ऐकून मला फार हेवा वाटायचा. लहानपणी मी वडिलांची मोठी सायकल चालवायचे, दांडीखालून एक पाय पलीकडे घालून, अर्धं अर्धं पेडल मारत. त्यामुळे सायकल येत होतीच. मग एका शनिवारी मी घराजवळच्या मोठ्या दुकानात गेले.

विक्रेत्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "स्मॉल संपलीय, मॅडम. तीन आठवडे लागतील. मीडियम घ्या, सीट खाली करून देतो."

"पाय टेकतील?"

"सवय होईल. दोन आठवड्यांत तुम्हालाच कळणार नाही."

त्याने सीट खाली केली, इतकी की ती फ्रेमला जाऊन टेकली. त्याने सायकल धरली, मी चढून बसले. पायांचे अंगठे जमिनीला जेमतेम लागत होते. सायकल गडद हिरवी होती आणि मला ती आवडली होती. तीन आठवडे थांबायची माझी तयारी नव्हती. दुकानदाराला दोष देऊन काय करू? मीच हो म्हणाले.

त्या सायकलवर चढायला मला फुटपाथची कड लागायची. उतरायलाही लागायची. हळूहळू कुठल्या रस्त्याला कुठे फुटपाथ आहे, कुठला सिग्नल कडेला थांबून पार करता येतो, कुठे दुभाजकावर पाय ठेवता येतो, हे मला पाठ झालं. रविवारच्या मंडळींबरोबर चार-पाच वेळा गेले. अर्ध्या तासात हातांना मुंग्या यायच्या. खांदे दुखायचे, मान आखडायची. परत आल्यावर चहाचा कप धरताना बोटं थरथरायची.

"पोटाचे स्नायू कमजोर असले की असं होतं," एक सहकारी म्हणाला. मनापासून म्हणाला. मी दोन महिने रोज सकाळी चटईवर कोपरं टेकून अंग ताठ धरायचा व्यायाम केला. पोट घट्ट झालं. मुंग्या तशाच राहिल्या.

आणि मग एका रविवारी अड्यारच्या पुलाआधीच्या सिग्नलला मी पडले. पुढची रिक्षा अचानक थांबली, मी ब्रेक दाबला आणि सवयीने पाय खाली टाकला. खाली काहीच नव्हतं. म्हणजे जमीन होती, पण माझ्या पायापासून लांब. मी सीटवरून पुढे घसरले, दांडीवर आदळले आणि सायकलसकट डावीकडे कोसळले. रिक्षावाला उतरला. त्याने आधी मला आणि मग सायकल उचलली. माझ्याकडे बघून, सायकलकडे बघून तो तमिळमध्ये काहीतरी पुटपुटला. मला त्यातला 'मोठी' एवढाच शब्द कळला. गुडघा आणि तळहात सोलवटले होते. दांडीचा मार कुठे बसला ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सोमवारी कंपनीच्या बसमध्ये मी दीड तास एका अंगावर कलून बसले.

सायकल जिन्याखाली लावली, तिच्यावर जुनी चादर घातली आणि ऑफिसात सांगितलं की सध्या वेळ होत नाही.

चार महिने ती तशीच होती. आमच्या तळमजल्यावर एक वयस्क जोडपं राहतं. बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान बँकेतून. दोघंही तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा दारातच थबकले होते. शब्द आपले, पण कुठल्या तरी जुन्या दस्तऐवजातले वाटावेत असे, आणि चाल सगळी तमिळ. मी त्यांना काकू म्हटलं तर त्या म्हणाल्या, "काकू नको. अक्का म्हण." त्यांच्या यजमानांना मात्र मी काकाच म्हणते. हे नातं कसं जुळतं असं काकांनी एकदा विचारलं होतं. मग त्यांनीच हात झटकला आणि पेपर उघडला.

अक्का माझ्याच उंचीच्या. एका सकाळी त्या जिना झाडून घेत होत्या आणि मी सुट्टी म्हणून दूध आणायला निघाले होते. त्यांनी चादरीचं टोक उचललं.

"ही कां झाकून ठेवलीस? किती मास जाहले."

"पडले होते, अक्का. जमत नाही मला. मी बुटकी आहे ना."

अक्कांनी झाडू भिंतीला टेकवला. "सायकल मोठी आहे म्हण. बुटकी कां म्हणत्येस?"

"एकच की."

"एकच कसे? एकाला बदलता येते, दुसऱ्याला येत नाही."

मग तिथेच जिन्यात उभ्या राहून त्यांनी मला त्यांच्या शाळेतली हकीकत सांगितली. अकरावीच्या मुलींना सरकारकडून सायकली मिळत. सगळ्या एका मापाच्या. वाटपाच्या दिवशी सगळ्या मुली खूश, आणि आठवड्याने बघावं तर पाच-सहा मुली शाळा सुटल्यावर सायकल हातात धरून पायी चाललेल्या. विचारलं तर म्हणायच्या, चेन पडली, हवा नाही. अक्कांना संशय आला. त्यांनी एकीला बसायला लावलं. पाय टेकत नव्हते. मुलगी रडायला लागली. अक्का तिला सायकलसकट तिरुवल्लिकेणी भागातल्या एका मेकॅनिककडे घेऊन गेल्या, त्याने सीट आणि हँडल तिच्या मापाने बसवून दिलं, आणि त्यानंतर दर वर्षी अशा मुलींची वरात त्याच्या दारात नेऊ लागल्या.

"शनिवारी चल," त्या म्हणाल्या. "पाहून तरी येऊ."

सायकल छोट्या टेम्पोत घातली आणि आम्ही दोघी रिक्षाने मागोमाग गेलो. तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्या अरुंद. दोन्ही बाजूंना एकट्या पुरुषांच्या राहण्याच्या जुन्या इमारती, गॅलरीत वाळत टाकलेल्या लुंग्या, खाली इडलीची आणि झेरॉक्सची दुकानं. त्यांच्यामध्ये मेकॅनिकचा गाळा. माणूस साठीच्या आसपासचा, सडपातळ, कानावर पेन्सिल. अक्कांना पाहून तो उठला. "टीचर!" असं म्हणून त्याने एकुलतं स्टूल फडक्याने पुसून पुढे केलं.

तो तमिळ बोलायचा, माझी तमिळ बाजारापुरती, त्यामुळे अडेल तिथे अक्का मधे पडायच्या. त्याने सायकलकडे फारसं पाहिलंच नाही. मला म्हणाला, "चप्पल काढा. भिंतीला पाठ लावा."

मग त्याने फळीवरून एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक काढून अक्कांच्या हातात दिलं आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. पाठमोऱ्यानेच सांगू लागला. पुस्तक दोन पायांच्या मधे धरायचं, कणा वर, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबायचं, भिंतीला काटकोनात. जिथे वरची कड येईल तिथे पेन्सिलने खूण.

"लाजू नको," अक्का म्हणाल्या. "सातवीच्या मुलीसारखी कां हसत्येस? टाचा भिंतीला."

खूण झाली. अक्कांनी टेप धरली. सहासष्ट सेंटिमीटर. एकदा मोजून त्यांचं समाधान होईना. पुन्हा मोजलं तर साडेपासष्ट. तिसऱ्यांदा परत सहासष्ट. "सहासष्ट घे," त्यांनी निकाल दिला. मग मेकॅनिक वळला आणि त्याने माझ्या सायकलची दांडी जमिनीपासून मोजली, जिथे आपण पाय दोन्हीकडे टाकून उभे राहतो तिथे. पंचाहत्तर.

"नऊ सेंटिमीटर," अक्का म्हणाल्या. "म्हणजे तू हवेत उभी राहायला हवीस, तर दांडी लागणार नाही."

मला हसू आलं. दोन महिने मी चटईवर व्यायाम केला, चार महिने स्वतःला घाबरट म्हणत राहिले, आणि प्रश्न होता नऊ सेंटिमीटरचा.

पण मेकॅनिकचं संपलं नव्हतं. त्याने मला सायकलवर बसवलं, पुढचं चाक स्वतःच्या गुडघ्यांत धरलं आणि बाजूने बघत राहिला. "हात बघा, टीचर." माझे हात काठीसारखे ताठ होते. बोटं ब्रेकपर्यंत नेताना पूर्ण अंग पुढे झुकत होतं. "सीट खाली केली की पायाचं थोडं भागतं. हाताचं काय? हँडल तर तिथेच राहिलं. हात ताठ, सगळं वजन तळव्यावर. मुंग्या येणार नाहीत तर काय?"

अगदी हेच वाक्य मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कितीतरी वेळा बोलले होते. सीट पुढे ओढली की पाय पोचतो, पण मग स्टिअरिंग छातीत येतं, म्हणून एक गोष्ट बदलून भागत नाही, माणूस पूर्ण मोजावा लागतो. परक्या माणसांसाठी मी भांडले होते. एका गाडीचं पेडल माझ्या हट्टाने बदललं होतं. आणि स्वतःसाठी दुकानात उभी राहिले तेव्हा 'सवय होईल' एवढ्यावर गप्प बसले.

"हे दुरुस्त होईल का?" मी विचारलं.

"हँडल जिथे जोडलंय तो तुकडा आखूड घालता येईल. पैसे जातील, त्रास अर्धा राहील. दांडी मी खाली आणू शकत नाही." त्याने चाक सोडलं. "सायकल चांगली आहे. तुमची नाही. उंच माणसाला द्या."

नवी कशी निवडायची ते त्याने सांगितलं. नुसतं स्मॉल, मीडियम विचारू नका, एका कंपनीचं स्मॉल दुसऱ्या कंपनीच्या मीडियमएवढं असतं. टेप घेऊन जा. आधी दांडीवरून दोन्ही पाय टाकून, तळवे पूर्ण टेकवून उभ्या राहा. दांडी आणि तुमच्यात तीन बोटं तरी सुटली पाहिजेत. मग बसा, पेडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला तर सीट बरोबर. मग कोपरं बघा, सैल वाकली पाहिजेत. ब्रेक बोटांना सहज सापडला पाहिजे. "आणि वळून बघा. लहान फ्रेमला मोठी चाकं लावली की वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागतो. तुम्हाला चाकंही लहानच हवीत."

"लहान चाकांची सायकल हळू नाही चालत?"

"तुम्हाला पोचायचंय की शर्यत लावायचीय?" असं म्हणून त्याने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

हिरवी सायकल आमच्या ऑफिसातल्या एका उंच मुलाने आनंदाने घेतली. त्यानंतरचे तीन रविवार अक्का आणि मी दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात मला लहान मुलांच्या विभागात नेलं, तिथे हँडलला झिरमिळ्या होत्या. दुसऱ्या दुकानात एक स्मॉल होती. विक्रेता म्हणाला, "तुमच्या उंचीला ही परफेक्ट." अक्कांनी पर्समधून टेप काढली. एकाहत्तर. "परफेक्ट नाही," त्या इंग्रजीत, वर्गातल्या आवाजात म्हणाल्या आणि टेप गुंडाळली. तो बिचारा फळ्यासमोर उभं केल्यासारखा बघत राहिला.

तिसऱ्या दुकानाच्या मालकीणबाई मात्र ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी माझी मापं कागदावर लिहून घेतली, कुठल्याशा गोदामात फोन लावला आणि म्हणाल्या, बारा दिवस लागतील. या वेळी मी थांबले. सायकल आली ती सव्वीस इंची चाकांची, सीटकडे उतरत येणाऱ्या दांडीची, करड्या रंगाची. रंग मला विशेष आवडला नाही. दांडी बासष्ट सेंटिमीटर. मी पाय टाकून उभी राहिले. दोन्ही तळवे जमिनीवर, आणि दांडीला अंग लागत नव्हतं. मालकीणबाईंनी एक लहान स्क्रू फिरवून ब्रेकची मूठ हँडलच्या जवळ आणली. असा स्क्रू असतो हे मला माहीतच नव्हतं.

दुकानामागच्या गल्लीत एक चक्कर मारून मी परत आले. अक्कांनी विचारलं, "कसे आहे?"

"काही दुखत नाहीये," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी त्या मंडळींबरोबर गेले. अड्यारच्या सिग्नलला थांबले, सीटवरून पुढे उतरून पाय टेकले आणि इतरांसारखी दिवा हिरवा व्हायची वाट बघत उभी राहिले. कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. कोवळमला पोचल्यावर इडली खाताना मी हातांकडे बघितलं. मुंग्या नव्हत्या. सगळ्यांच्या मागे होते, पण फार मागे नव्हते.

इथे ही गोष्ट माझ्यापुरती संपायला हरकत नव्हती. पण आठवडाभराने मी सायकल पुसत होते तेव्हा अक्का येऊन सीटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी बसून पाहू?"

मला वाटलं, त्यांना सायकल येते. सायकलींबद्दल त्या इतकं बोलायच्या. पण त्या म्हणाल्या, "कधीच बसले नाही. आमच्या घरी भावांची होती. मी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. मग शाळा, मग संसार. आता मजला त्रेसष्ट वर्षे जाहली."

मी सायकल धरली. त्यांनी साडी सावरली आणि चढायचा प्रयत्न केला. उंची सारखी, म्हणून माझी सायकल त्यांना बरोबर बसेल असं आम्ही दोघींनी गृहीत धरलं होतं. पण त्यांचे पाय माझ्यापेक्षा लांब आणि हात आखूड निघाले. पाय व्यवस्थित टेकत होते, हँडल मात्र लांब पडत होतं. अक्का उतरल्या. त्यांना या गोष्टीची फार गंमत वाटली. "उंची सारखी आणि माप निराळे," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षे त्रिकोण शिकवले आणि हे सुचले नाही."

पुन्हा तिरुवल्लिकेणी. मेकॅनिकने या खेपेला जुन्या सुट्या भागांतून एक सायकल जुळवली. मधे दांडी नसलेली, चोवीस इंची चाकं, हँडल अंगाकडे वळलेलं, म्हणजे ताठ बसता येईल. आणि सायकल दिली ती पेडल काढून. पेडल एका पिशवीत वेगळी बांधलेली.

"आधी सीट अगदी खाली," तो म्हणाला. "दोन्ही पाय जमिनीवर. पायांनी ढकलत जायचं, लहान मुलं खेळण्यातल्या गाडीवर जातात तसं. तोल आला की मग पेडल लावू. मोठ्या माणसाला पडायची भीती जास्त असते, टीचर. पाय जमिनीवर असले की भीती जाते."

अक्कांनी सलवार-कमीज शिवून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्या दिवशी ती घालून त्या बाहेर आल्या तेव्हा काका दारात पेपर घेऊन बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, "या वयात हाड मोडलं तर?"

"तर बसून राहीन. आत्ता पण बसलेलीच आहे की."

सकाळी सहाच्या सुमाराला अक्का इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये जायच्या, बस नसेल त्या दिवशी मीही. त्या ढकलत ढकलत भिंतीपर्यंत जायच्या, वळायच्या, परत यायच्या. पहिला आठवडा नुसतं चालणंच होतं. दुसऱ्या आठवड्यात एकदा त्यांनी दोन्ही पाय उचलले आणि चार पाच हात तशाच गेल्या. लगेच पाय खाली टाकले आणि ओरडल्या, "पाहिलेस?" मी पाहिलं होतं. काकांनीही खिडकीतून पाहिलं होतं, कारण दुसऱ्या दिवसापासून ते पाण्याची बाटली घेऊन पार्किंगच्या कठड्यावर बसायला लागले. मदत करत नव्हते. फक्त मोजायचे. आज किती वेळ पाय वर राहिले ते मनातल्या मनात मोजून तमिळमध्ये जाहीर करायचे.

एका सकाळी मात्र अक्का चिडल्या. तोल जात होता, खांदा भिंतीला घासला, कोपर सोलवटलं. "मजला होणार नाही," म्हणून त्या सायकल टाकून आत निघून गेल्या. मी समजूत घालायला मागे जाणार, तर काकांनी हाताने थांबवलं. ते सायकलजवळ गेले, पाना आणला आणि सीट बोटभर खाली केली. दोन दिवसांपूर्वी अक्कांनीच ती उत्साहाने वर केली होती. दुसऱ्या दिवशी अक्का आल्या, बसल्या, पायांनी जमीन चाचपली आणि म्हणाल्या, "आज बरे आहे." काका पेपर वाचत राहिले.

तीन आठवड्यांनी पेडल लागली.

याच सुमाराला ऑफिसात एक गोष्ट झाली. आमच्या कारखान्याची आवारं मोठी. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायला कंपनीने सायकली ठेवल्या आहेत, सगळ्या काळ्या, सगळ्या एका उंचीच्या. सहा वर्षं मी त्यांच्यासमोरून चालत गेले होते. आता चालता चालता माझ्या लक्षात आलं की असेंब्लीवरच्या बऱ्याच मुली माझ्यासारख्याच चालतात, उन्हात, हातात फाइल किंवा सुटा भाग घेऊन. जेवणाच्या सुट्टीत मी एकीला विचारलं, "सायकल का नाही घेत?"

"येत नाही, मॅडम." मग थोडं थांबून, "येते. ही नाही येत."

मी टेप घेऊन गेले. जेवणाच्या खोलीमागे एका बाईने पुस्तक धरलं, मी खुणा केल्या, मुली हसून हसून बेजार झाल्या. अकरा जणींची मापं घेतली, सायकलींची घेतली, दोन्ही एका पानावर मांडून साहेबांना दिली. त्यांनी पान वाचलं, खिडकीतून खालच्या सायकलींकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे आपण गाडीत कधी चालवून घेतलं नसतं." सहा लहान सायकली यायला दोन महिने गेले, पण आल्या. त्यातली एक बहुतेक वेळा जागेवर नसते, ती माझ्याकडे असते.

अक्का आता रस्त्यावर चालवतात, पण रविवारी सकाळीच, मी कोवळमला जाणार नसेन तेव्हा माझ्याबरोबर. मरिना चौपाटीच्या आतल्या रस्त्यावर, जिथे त्या वेळी फिरायला आलेली माणसं आणि मासे विकणाऱ्या बायका एवढीच गर्दी असते. त्या सरळ बसतात, हात कोपरात वाकलेले, आणि अजिबात घाई करत नाहीत. कुणी आडवं आलं की घंटी वाजवत नाहीत, "नगरुंगो!" म्हणून बाजूला व्हायला सांगतात. पस्तीस वर्षांच्या वर्गाचा आवाज, लोक आपोआप बाजूला होतात.

गेल्या रविवारी मला उठायला उशीर झाला. घाईने खाली आले तर जिन्याखाली त्यांची सायकल नव्हती. काका फाटकात उभे होते.

"अक्का कुठायत?"

"गेली." ते मराठीतच बोलले, जे ते क्वचित करतात. "तू उठली नाहीस म्हणून एकटी गेली. सहा वाजून वीस मिनिटांनी."

"एकट्या? कुठे?"

"सांगितले नाही."

"फोन?"

त्यांनी खिशातून अक्कांचा फोन काढून दाखवला. टेबलावरच राहिला होता. मग आम्ही दोघं फाटकात उभे राहिलो. दूधवाला गेला, पेपरवाला गेला. काकांनी पेपर घेतला पण उघडला नाही. मी म्हटलं, जाऊन बघते, तर ते म्हणाले, "कोठे पाहशील? थांब." सात वाजून गेले. मी तरीही सायकल काढली होती आणि एक पाय पेडलवर ठेवला होता, तेवढ्यात त्या कोपऱ्यावर दिसल्या.

एका हाताने इशारा करून त्या वळल्या. एक हात सोडणं त्यांना अजून येत नाही असं मी समजत होते. फाटकाशी येऊन त्यांनी दोन्ही पाय टेकले. हँडलला कापडी पिशवी लटकत होती, चेहरा घामाने निथळत होता.

"तिरुवल्लिकेणीपर्यंत गेले," त्या म्हणाल्या. "कॉफीची पूड. ताजी दळून दिली, हात लावून बघ, अजून ऊन आहे."

"इतक्या लांब? बस, गाड्या..."

"एक बसवाला मागून हॉर्न मारत होता. मारू दे म्हटले. मी डावीकडून चालले आहे, तो चुकतो." मग त्या काकांकडे वळल्या. "ही पिशवी गुडघ्याला लागते. पुढे टोपली हवी. मेकॅनिकला सांगून आले आहे, बुधवारी लावून देईल."

काकांनी पिशवी सोडवून घेतली, नाकाशी नेली आणि आत जाता जाता म्हणाले, "टोपली मोठी नको म्हणून सांगायचे होतेस."

"मापाने सांगितली आहे," अक्का म्हणाल्या आणि सायकल जिन्याखाली लावू लागल्या.